शेतकऱ्याची बंदूक आणि टीव्हीची लाल पट्टी

देवगडकर: आजोबांपासून घरात परवान्याची ठासणीची, म्हणजे नळीत दारू ठासून भरायची, बंदूक आहे. भातात रानडुकरं, आंब्याच्या कलमांवर वानरं. बार काढला तरच पळतात. काल बातम्यांत पट्टी: ‘कोकणात बंदुकांचा सुळसुळाट’, मागे चित्र एके-४७चं! आम्ही काय गुन्हेगार?

राजापूरची: अहो, १९५९च्या शस्त्र कायद्यात, कलम १३मध्येच पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आहे. त्यांना तो कळवा.

गुहागरवाला: विनापरवाना शिकारीवाले पकडले जातात, हेही खरंच. पण बातमीत परवाना होता की नाही, एवढं तरी सांगा ना!

देवगडकर: तेच तर! निवडणुकीत आम्ही रांग लावून ठाण्यात बंदुका जमा करतो, तिकडे कॅमेरा फिरकत नाही. कलम लिहून वाहिनीला आजच मेल टाकतो.