मुख्यमंत्र्यांचं नाव निघालं की तुमच्या गावात काय आठवतं? विदर्भातले अनुभव

मारोतराव कन्नमवार, वसंतराव नाईक, सुधाकरराव नाईक, देवेंद्र फडणवीस. महाराष्ट्र झाल्यापासून विदर्भातले हे चार जण मुख्यमंत्री झाले. त्यांच्या तारखा कुठेही सापडतील. मला विचारायचं आहे ते वेगळं: मुख्यमंत्री इथला असो की बाहेरचा, त्याचा निर्णय तुमच्या वावरापर्यंत आणि चुलीपर्यंत कसा पोचला? पक्षांचं भांडण नको. पाहिलेलं, भोगलेलं किंवा घरात ऐकलेलं लिहा. सुरुवात मीच करते.

पुसद तालुका

वसंतराव नाईकांचं गाव गहुली आमच्या गावापासून फार लांब नाही. ते डिसेंबर 1963 ते फेब्रुवारी 1975 सलग मुख्यमंत्री होते, एवढा सलग काळ दुसऱ्या कोणाला मिळाला नाही. आमच्या घरात त्यांचं नाव निघतं ते हायब्रीड ज्वारीपायी. दोन वर्षांत राज्य धान्यात स्वयंपूर्ण झालं नाही तर मला फासावर द्या, असं ते 1965 साली पुण्यात भर सभेत बोलले होते. इकडे ग्रामसेवकाने संकरित बियाण्याची पिशवी आणून दिली तेव्हा आजी अडून बसली. आजोबांनी धुऱ्याकडचा एक तुकडा तेवढा पेरला. ताटं बुटकी, पण कणसं गच्च भरलेली. लवकर तयार होणारी ज्वारी, त्यामुळे शेवटच्या पावसात सापडली की दाणा काळा पडायचा. कडबाही कमी, म्हणून बैलांसाठी गावरान ज्वारी ठेवावीच लागली. पण कोठी भरली. आजी शेवटपर्यंत म्हणायची, "हायब्रीडची भाकर मातीवानी लागते." तरी खायची, कारण त्याआधी पायलीभर ज्वारीसाठी तिने लोकांची दारं पाहिली होती. त्यांचा जन्मदिवस, 1 जुलै, आपण कृषी दिन म्हणून पाळतो. मला तो फार योग्य वाटतो.

मूल, जि. चंद्रपूर

आमच्या तालुक्यातल्या मारोड्याचे कन्नमवार. चीनच्या युद्धात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि नोव्हेंबर 1962 मध्ये हे मुख्यमंत्री झाले. वर्षभरातच, 24 नोव्हेंबर 1963 ला, पदावर असतानाच गेले. गरिबीतून वर आलेला माणूस, तरुणपणी वर्तमानपत्रं विकलेला. मी कामासाठी मुंबईत गेलो तेव्हा विक्रोळीत बसच्या पाटीवर "कन्नमवार नगर" वाचलं. शेजारच्या माणसाला सांगितलं, हे आमच्याकडचे. त्याला ते माहीतच नव्हतं. आमच्याकडच्या नव्या पोरांनाही सांगावं लागतं, याचं वाईट वाटतं.

देऊळगाव राजा तालुका, जि. बुलडाणा

1972 च्या दुष्काळात मी परकरातली पोर होते. माय-बाबा पाझर तलावाच्या कामावर, मी धाकट्या भावाला सांभाळायला बांधावर. माती खणायची, टोपली डोक्यावर, मुकादम संध्याकाळी खड्डे मोजायचा. खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक उभा खुंट राखून ठेवायचे, त्यावरून खोली कळायची. तो खुंट पडला तर मापावरून वाद, म्हणून माय मला त्याच्याजवळ फिरकू द्यायची नाही. लेकरांना सुकडी मिळायची. रेशनवर तांबडा मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी. मुख्यमंत्री कोण, हे मायला माहीत होतं, कारण सगळे म्हणायचे, "नाईकसाहेबानं काम काढलं." त्याच कामांतून पुढे रोजगार हमी आली, 1977 मध्ये तिचा कायदा झाला आणि मग सगळ्या देशाने ती कल्पना घेतली. आमच्या मायच्या टोपलीची माती त्यात आहे, हे मी नातवंडांना अभिमानाने सांगते.

हिंगणघाट भाग

कापूस एकाधिकार योजना, म्हणजे राज्यातला कापूस फक्त सरकारनेच विकत घ्यायचा, तीही 1972 चीच. भाव ठरलेला, म्हणून व्यापाऱ्यापुढे हात जोडणं सुटलं. पण केंद्रावर बंड्यांची रांग, रात्री थंडीत गंजीखाली झोप, आणि चुकारा, म्हणजे कापसाचे पैसे, हप्त्याहप्त्याने. शेजारच्या राज्यात भाव चढला की लोक रातोरात कापूस सीमेपार न्यायचे. वडील म्हणायचे, योजना शेतकऱ्याची होती, तिचा कारभार शेतकऱ्याच्या हातात राहिला नाही. माझंही तेच मत.

आर्णी तालुका, जि. यवतमाळ

फडणवीसांच्या काळातली 2017 ची कर्जमाफी, दीड लाखापर्यंतची. अर्ज ऑनलाइन, नवरा-बायको दोघांनी जायचं, अंगठा लावायचा. आईचा अंगठा यंत्र घेईना. कापूस वेचून बोटांच्या रेषा झिजलेल्या. केंद्रावरच्या पोराने हात धुऊन या म्हटलं, आईने मातीने घासून धुतले, पदराला पुसले, तरी नाही. तीन बोटं झाली, चौथं लागलं. सरकार बदललं, डिसेंबर 2019 मध्ये नागपूरच्या अधिवेशनात उद्धव ठाकरेंनी दोन लाखांपर्यंतची जाहीर केली. त्या वेळी बँकेतून यादी लागली, आधार जुळवायचं, बस. दोन्ही मुख्यमंत्र्यांबद्दल गावात वाद घालणारे खूप आहेत. माझं मागणं एवढंच, कोणीही असो, पुढची योजना काढताना आईचा अंगठा आठवावा.

आर्वी तालुका, कोतवाल

मुख्यमंत्री येणार म्हटलं की आधी हेलिपॅड. शाळेच्या मैदानावर रोलर, टँकरने पाणी, चुन्याचा गोल. एकदा गर्दीतून एका म्हाताऱ्या बाईने पाणंद रस्त्याचं निवेदन पुढे केलं. साहेबांनी उभ्यानेच वाचलं, "पावसाळ्यात बैलबंडी निघते का?" विचारलं आणि कागदावर लिहून दिलं. उन्हाळ्यात मोजणी झाली, टेप मीच धरली होती.

वाशीम जिल्हा

सुधाकरराव नाईकांवर कोणी लिहिलं नाही म्हणून दोन ओळी. 1991 ते 1993 ते मुख्यमंत्री होते, जलसंधारणाचं वेगळं खातं त्यांच्याच काळात झालं. 10 मे, त्यांचा स्मृतिदिन, जलसंधारण दिन आहे. आमच्या नाल्यावरचे माती-बांध तेव्हाचे. गाळ काढला नाही म्हणून निम्मे बुजले, तरी खालच्या विहिरीला फेब्रुवारीपर्यंत पाणी असतं. बांधाची देखभाल गावाने करावी, असं मी ग्रामसभेत दरवर्षी म्हणतो.

(पुसदहून पुन्हा)

गडचिरोली, गोंदियाकडून अजून काही आलेलं नाही. धानाचा बोनस, गोसीखुर्द धरणाचं पाणी, नागपूरच्या अधिवेशनावर गेलेले मोर्चे, यावर कोणीतरी लिहा. बायांनी जरूर लिहा, कारण रांगेत त्याच जास्त उभ्या राहिल्या आहेत.