इम्युनोथेरपीआधी जनुकीय पॅनेल हवंच का?

धागाकर्ती:
मामांचा तोंडाचा कॅन्सर उलटलाय. इम्युनोथेरपी, म्हणजे प्रतिकारशक्तीला गाठीशी लढायला लावणारं औषध, ठरली, पण आधी मोठं जनुकीय पॅनेल, म्हणजे गाठीतल्या अनेक जनुकांची एकत्र तपासणी, करा म्हणतात आणि रिपोर्ट येईपर्यंत थांबायचं. मला हे पटत नाही. पीडी-एल१ (प्रतिकारशक्तीला रोखणारं प्रथिन) गाठीत किती आहे ते सांगणारा सीपीएस हा आकडा हातात असताना थांबायचं कशाला? कीनोट-०४८ या औषधचाचणीत सीपीएस २० किंवा जास्त असलेल्यांना नुसत्या पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधावर मध्यक १४.९ महिने आयुष्य मिळालं, सेटुक्सिमॅब (गाठीची वाढ रोखणारं औषध) आणि किमोवर १०.७. गाठ काही रिपोर्टची वाट बघत नाही.

प्रतिसाद १:
असहमत. मी पॅथॉलॉजीत आहे, या स्लाइड्स रोज बघते. सीपीएस म्हणजे पीडी-एल१ चा रंग धरलेल्या कॅन्सरपेशी, लिम्फोसाइट आणि मॅक्रोफेज (दोन्ही प्रतिकारशक्तीच्या पेशी) मोजायचे, जिवंत कॅन्सरपेशींच्या संख्येने भागायचं आणि शंभराने गुणायचं. तपकिरी दिसतेय ती कॅन्सरपेशीची कड की तिला चिकटलेला मॅक्रोफेज, यावर दोन अनुभवी माणसांचं एकमत होत नाही. एकाच गाठीच्या दोन तुकड्यांत आकडा वेगळा येतो. अशा आकड्यावर सगळी भिस्त ठेवायची? टीएमबी, म्हणजे गाठीतल्या म्युटेशन्सचं प्रमाण, किमान नजरेवर अवलंबून नसतं. दर मेगाबेसला (डीएनएच्या दहा लाख अक्षरांमागे) १० किंवा जास्त असेल तर इतर उपचार संपलेल्या घन गाठींसाठी अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएने २०२० मध्ये पेम्ब्रोलिझुमॅबला मान्यता दिली आहे.

धागाकर्ती:
ती मान्यता कीनोट-१५८ या चाचणीवर आहे ना? त्यात लाळग्रंथीचे कॅन्सर होते, मामांसारखा हेड-नेकचा (डोकं-मानेचा) स्क्वॅमस, म्हणजे आवरणाच्या पेशींचा कॅन्सर, नव्हता. शिवाय एचपीव्ही विषाणूमुळे झालेल्या गाठींत म्युटेशन्स कमी असतात, तरी रोगप्रतिकारक पेशींची गर्दी असते. टीएमबी कमी आला म्हणून औषध नाकारलं तर?

प्रतिसाद २:
नाकारायचं नाहीच. नवव्या गुणसूत्रावरचा ९पी२१ हा भाग, ज्यात सीडीकेएन२ए जनुक असतं, गळालेल्या गाठी या औषधांना कमी दाद देताना दिसल्यात, पण तेवढ्यावर कुणाचं औषध काढून घेऊ नये. मला तुम्हा दोघींपेक्षा वेगळाच प्रश्न महत्त्वाचा वाटतो: गाठ कुठे दाबतेय? कीनोट-०४८ मध्येच सीपीएस १ किंवा जास्त असलेल्यांत नुसत्या पेम्ब्रोलिझुमॅबने गाठ आकसली १९ टक्क्यांची, सेटुक्सिमॅब-किमोने ३५ टक्क्यांची. मात्र ज्यांची आकसली त्यांचा फायदा पहिल्या गटात वीस महिन्यांवर टिकला, दुसऱ्यात साडेचारच्या आसपास. श्वास किंवा गिळणं अडत असेल तर किमोसोबत द्या. एफडीएच्या मान्यतेत त्या जोडीला सीपीएसची अट नाही.

प्रतिसाद १:
थांबा असं माझंही म्हणणं नाही. पण औषध चाललं नाही तर पुढची वाट शोधायला पॅनेल लागेल, आणि तोवर ब्लॉकमधला, म्हणजे मेणात जपलेल्या बायॉप्सीतला, तुकडा इतर तपासण्यांत संपलेला असतो. हे मी फार वेळा पाहिलंय. ब्लॉक आत्ताच राखून ठेवायला सांगा.

धागाकर्ती:
ब्लॉकचं उद्याच विचारते. मामांना पातळ पेजही गिळवत नाहीये, म्हणजे किमोसोबतच द्या असं डॉक्टरांशी बोलावं लागेल. पॅनेल पाठवू दे, पण त्यासाठी पहिला डोस पुढे ढकलायला मी तयार नाही.