मुंबई बंदरातील हौशी यॉट शर्यती: निकाल इतके वरखाली का होतात?

जिबवाला (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मुंबई बंदरातील क्लबच्या शर्यतींत मी जे/२४ या शिडाच्या छोट्या शर्यतीच्या बोटीवर जिब, म्हणजे पुढचे शीड, सांभाळतो. आम्ही पाचही जण नोकरदार असल्यामुळे सराव रविवारीच होतो आणि पावसाळ्यात तोही बंद पडतो. एखाद्या रविवारी आम्ही पहिल्या तिघांत असतो आणि पुढच्याच रविवारी, माणसे तीच आणि शिडेही तीच असूनही, तळाशी जातो. मागच्या शर्यतीत पहिल्या बोयापर्यंत, म्हणजे मार्ग दाखवणाऱ्या तरंगत्या खुणेपर्यंत, आम्ही आघाडीवर होतो. मग वारा पडला, ओहोटीने आम्हाला दक्षिणेकडे ओढले आणि मागच्या दोन बोटी कुलाब्याच्या किनाऱ्याला धरून पुढे निघून गेल्या. आमचे स्किपर, म्हणजे बोटीचे प्रमुख, याला नशीब म्हणतात, पण मला ते पटत नाही. आम्ही आधी कशावर मेहनत घ्यावी?

उधाणभरती

त्या दोन बोटींना नशिबाने नव्हे, किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्याने हात दिला, कारण तिथे ओहोटी मंद असते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मुंबईत पाण्याची पातळी चार मीटरहून अधिक चढते-उतरते आणि हे सगळे पाणी साधारण सहा तासांत बंदराबाहेर पडते. मधल्या दोन तासांत त्याचा जोर सर्वांत जास्त असतो. सकाळचे मतलई वारे थांबून दुपारचे खारे वारे सुरू होण्यापूर्वीच्या शांततेत बोटीचा वेग दोन नॉटही (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) राहत नाही आणि तो प्रवाहापुढे कमी पडतो, म्हणजे शिडे भरलेली दिसली तरी आपण मागेच जात असतो. हे ओळखण्यासाठी गेटवेची कमान आणि तिच्या मागचा ताजचा घुमट एका रेषेत धरावेत. घुमट कमानीमागून सरकू लागला की प्रवाह आपल्याला नेत आहे असे समजावे.

अशा वेळी नांगर टाकणे नियमबाह्य नाही. शर्यतीच्या नियमांतील ४५वा नियम त्याला परवानगी देतो, फक्त पुढे निघण्यापूर्वी नांगर वर घ्यावा लागतो. शिडे तशीच ठेवून, प्रतिस्पर्ध्यांना दिसणार नाही अशा बाजूने, साखळीचा आवाज न करता तो सोडणे ही एक कलाच आहे. शेजारची बोट मागे का जात आहे हे तिच्या क्रूला बराच वेळ उमगत नाही.

सुकाणूधारी

ओहोटीला एवढे महत्त्व द्यावे असे मला वाटत नाही, कारण ती सर्वांच्याच वाट्याला येते. हौशी बोटींचे नुकसान होते ते सुरुवातीला आणि माणसांच्या गैरहजेरीमुळे. पाच मिनिटांचा इशारा झाल्यापासून घड्याळ पाहणारा एकच माणूस नेमा, कारण प्रवाह सुरुवातीच्या रेषेकडे वाहत असेल तर शेवटच्या मिनिटात बोट वेळेआधीच आपोआप पलीकडे जाते, आणि रेषेआड परत आली नाही तर तिला शर्यत न संपवणाऱ्या बोटीइतकेच गुण मिळतात. पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन आणि सर्वांत कमी गुणांचा विजेता, अशा गुणपद्धतीत हे फार महागात पडते. एक वाईट निकाल वगळला जातो, परंतु दुसरा वगळला जात नाही.

तसेच पोर्ट टॅकवर (वारा डाव्या बाजूने घेत) असताना स्टारबोर्ड टॅकवरच्या (वारा उजव्या बाजूने घेणाऱ्या) बोटीला अडथळा केला असेल, तर वाद न घालता लगेच दोन गिरक्यांची शिक्षा घ्यावी. त्यात मिनिट-दीड मिनिट जाते, पण प्रोटेस्ट, म्हणजे प्रतिस्पर्ध्याची तक्रार, हरून बाद होण्यापेक्षा ते परवडते. आणि स्पिनेकर, म्हणजे मागून वारा असताना लावायचे मोठे फुगीर शीड, उभारणारा माणूस दर रविवारी बदलत असेल, तर निकालही बदलणारच.

धक्क्यावरचा

एक भर घालतो. बंदराच्या खोल मार्गातून मालवाहू जहाज येत असेल तर आपण आघाडीवर असलो तरी त्याची वाट अडवता येत नाही, त्यामुळे तो मार्ग ओलांडण्याची वेळ आधीच ठरवावी लागते. घारापुरी आणि मांडव्याच्या लाँचच्या लाटाही मंद वाऱ्यात शिडे हलवून बोटीचा उरलासुरला वेग घालवतात. लाट येण्यापूर्वी बोट वाऱ्यापासून किंचित दूर वळवून वेग वाढवून ठेवावा.

उधाणभरती

सुकाणूधारींचे सुरुवातीबद्दलचे म्हणणे मान्य आहे, पण ओहोटी सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही. तळाच्या घर्षणामुळे उथळ पाण्यात प्रवाह मंद असतो आणि किनाऱ्यालगत तो मधल्या खोल पाण्यापेक्षा आधी फिरतो, म्हणून शंभर-दोनशे मीटरच्या अंतरावरील दोन बोटींना वेगवेगळी ओहोटी लागू शकते. जिबवाला, भरतीच्या तक्त्याबरोबर खोलीचा नकाशाही पाहावा, आणि किनाऱ्याकडे वळण्यापूर्वी आपल्या बोटीच्या कीलला (तळाखालच्या जड पात्याला) किती पाणी लागते ते स्किपरना जरूर विचारावे.