भारतीय पासपोर्ट असेल तर प्रवास विमा घ्याच

'जर्मनीचं आरोग्य विम्याचं कार्ड खिशात असलं की युरोपात वेगळा प्रवास विमा नको' असा सल्ला जर्मनीत राहणाऱ्यांना दिला जातो. ज्यांचा पासपोर्ट अजून भारतीय आहे, त्यांनी कृपया तेवढ्यावर विसंबू नका. जर्मनीतल्या सरकारी आरोग्य विम्याच्या कार्डाची मागची बाजू म्हणजेच युरोपियन हेल्थ इन्शुरन्स कार्ड (युरोपातल्या इतर देशांत प्रवासात उपचार घेण्यासाठीचं कार्ड), हे खरं. त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. पण युरोपीय संघाबाहेरच्या नागरिकांना ते डेन्मार्क, नॉर्वे, आइसलँड, लिश्टनस्टाइन आणि स्वित्झर्लंडमध्ये वापरता येत नाही. आणि सुट्टी लागली की आपली मंडळी निघतात स्वित्झर्लंडलाच!

फ्रान्स, इटली, स्पेनमध्ये चालतं, तेही तिथल्या सरकारी व्यवस्थेतल्या डॉक्टरकडेच. फ्रान्समध्ये बहुतेकदा आधी स्वतः भरून मग परतावा मागावा लागतो, म्हणून पावत्या जपा. कार्ड घरी राहिलं तर आपल्या विमा संस्थेला कळवा, तात्पुरतं प्रमाणपत्र मिळतं. आजारी माणसाला घरी परत आणण्याचा खर्च मात्र यात कुठेच बसत नाही.

भारतातून भेटीला आलेल्या आईबाबांना आपलं कार्ड लागू नाही. युरोपात फिरण्यासाठीच्या शेंगेन व्हिसासाठी त्यांनी काढलेला किमान ३०,००० युरोंचा विमाच कामी येतो. त्याची एक प्रत तुमच्या मोबाइलवरही ठेवा.