मदत हवी आहे : किरणांचा मारा दिलेल्या रॅटच्या (प्रयोगशाळेतल्या उंदराच्या) मूत्रपिंडाचं काम नेमकं कशावर मोजावं?

मंडळी, सांगली-मिरज भागात विस्टार जातीच्या रॅटवर काम करणाऱ्यांचा सल्ला हवा आहे. दोन्ही मूत्रपिंडांवर एकदाच 10 ग्रे (शोषलेल्या किरणांचं एकक) इतकी किरणांची मात्रा, त्यानंतर एका गटाच्या आहारात 20 टक्के केसिन (दुधातलं प्रथिन), दुसऱ्याच्या 6 टक्के. कमी केलेल्या केसिनच्या जागी मक्याचं स्टार्च, म्हणजे उष्मांक सारखेच. किरण न दिलेले दोन्ही आहारांचे गटही आहेत.

खरी अडचण युरियाची, कारण रक्तातला युरिया वाढला की मूत्रपिंड बिघडलं असं धरतात. प्रथिनं कमी खाल्ली की यकृतात युरियाच कमी तयार होतो. आकडा उतरला म्हणून मूत्रपिंड वाचलं, असं मुळीच म्हणता येत नाही. त्याऐवजी क्रिएटिनिन (स्नायूंतून येणारं, मूत्रपिंडातून बाहेर जाणारं द्रव्य) जॅफे पद्धतीनं, म्हणजे रंगाच्या चाचणीनं काढावं, तर सिरममधली (रक्तद्रवातली) इतर द्रव्यंही रंग देतात, आणि रॅटची पातळी मुळातच कमी असल्यानं चूक मोठी ठरते. एन्झाइम वापरून क्रिएटिनिन मोजणारं (एन्झायमॅटिक) किट 50 मायक्रोलिटर सिरमवर कुणी चालवलं आहे का? कोणत्या अ‍ॅनालायझरवर?

शिवाय मेटाबॉलिक केजमध्ये (लघवी वेगळी गोळा करणाऱ्या पिंजऱ्यात) खाद्याचा भुगा लघवीत पडतो आणि प्रथिनं खोटी वाढलेली दिसतात. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात भांडं बर्फात नसेल तर जंतूही वाढतात. आगर घालून खाद्य घट्ट केलं तर भुगा थांबेल, पण त्यातून पाणी जास्त जाऊन लघवी पातळ होईल. मग लघवी पातळ झाली तरी फारसं न बदलणाऱ्या, लघवीतल्या प्रथिन-क्रिएटिनिन गुणोत्तरावर भागवावं का?