रेस्क्यू केलेली सर्टिफाइड थेरपी डॉग: मराठीत कसं लिहाल?

हिरवा_चाफा
इथल्या, म्हणजे अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बे एरियातल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी एक लेख लिहितेय. विषय शेजारच्या घरातली पिटबुल मिक्स, शेल्टरमधून आणलेली, आणली तेव्हा कोणी झाडू हातात घेतला तरी सोफ्यामागे जाऊन बसायची. आता ती सर्टिफाइड थेरपी डॉग आहे, म्हणजे परक्या माणसांना बरं वाटावं म्हणून त्यांना भेटायला जाते. ती लायब्ररीत जाते आणि पहिली-दुसरीतली मुलं तिच्याशेजारी गालिच्यावर बसून तिला पुस्तक वाचून दाखवतात. संपादक काकांचं म्हणणं इंग्रजी शब्द जरा कमी करा. म्हणून मी "सुटका केलेली प्रमाणित उपचार श्वान" असं लिहिलं, तर ते पोलीस स्टेशनच्या प्रेसनोटसारखं वाटायला लागलं. तर रेस्क्यू, थेरपी आणि सर्टिफाइड या तिन्हीला रोजच्या बोलण्यातलं काहीतरी सुचवा. आणि सर्व्हिस डॉग हा प्रकार वेगळा असतो, त्याच्याशी घोळ होता कामा नये.

नाशिककर
काहीही करा पण "बचाव श्वान" लिहू नका. बचाव श्वान म्हणजे बचाव करणारा. २०२३ च्या फेब्रुवारीत तुर्कस्तानात भूकंप झाला तेव्हा आपल्या एनडीआरएफची टीम गेली होती ना, त्यातल्या रोमिओ आणि ज्युलीने ढिगाऱ्याखालची सहा वर्षांची मुलगी शोधून काढली, ते बचाव श्वान. इंग्रजीत दोघांनाही रेस्क्यू डॉग म्हणून मोकळे होतात. आपल्याकडे वाचवणारा आणि वाचवलेला यातला एक कोणतातरी आधी ठरवावाच लागतो, आणि ते बरंच आहे.

चटणीपाव
मी डोंबिवलीत फीडर आहे, म्हणजे रस्त्यावरच्या कुत्र्यांना खायला घालणं हे माझं काम, आमच्या ग्रुपवर "सुटका" हा शब्द कोणीच वापरत नाही, सुटका म्हटलं की जामिनावर सुटल्यासारखं किंवा खंडणीवाल्यांनी सोडल्यासारखं वाटतं. आम्ही म्हणतो "रेस्क्यूतला आहे", "रेस्क्यू केस आहे", "फॉस्टरला ठेवलाय" (म्हणजे तात्पुरता कोणाच्या तरी घरी), "अडॉप्शनला टाकलाय". घरी नेला की मग "उचलून आणलेला", म्हणजे लोक कौतुकाने सांगतात, हा ना आम्ही स्टेशनजवळून उचलून आणलाय. तुमच्या लेखात "शेल्टरमधून आणलेली" एवढं पुरेल की, त्यातच सगळं आलं.

आता विषय निघालाच आहे तर, भटका, मोकाट आणि बेवारशी हे तिन्ही शब्द पेपरवाले एकाच बातमीत आलटून पालटून वापरतात त्याचा मला फार राग येतो. मोकाट म्हणजे बांधलेला नाही, मालक असलेली गायसुद्धा मोकाट असते. बेवारशी म्हणजे विचारणारं कोणी नाही, बेवारशी बॅगसारखं. भटका म्हणजे भटकणारा, पण आमच्या गल्लीतला काळ्या कुठे भटकतो, तो वर्षानुवर्षं त्याच मेडिकलच्या पायरीवर झोपलेला असतो, फटाके वाजले की दुकानात शिरतो, बस. नसबंदीचे जे केंद्राचे नियम आहेत त्यात २००१ साली "रस्त्यावरचे कुत्रे" अशा अर्थाचा शब्द होता, २०२३ च्या नव्या नियमांत "कम्युनिटी अ‍ॅनिमल" आलाय. त्याला मराठीत "सामुदायिक प्राणी" करतील, आणि मग तो सामुदायिक विवाहासारखा वाटेल. साधं "गल्लीतला कुत्रा" म्हणा ना. आणि गावठी ही त्याची जात झाली, परिस्थिती नव्हे. घरात एसीत झोपणारा गावठीही असतो, माझ्याकडे दोन आहेत.

जुना_खवट
सरकारी अनुवादात आयुष्य गेलं म्हणून दोन शब्द बोलतो. मराठीत कुत्रा या शब्दाला शिवी चिकटलेली आहे, आणि "कुत्री" तर विचारूच नका, त्यामुळे कागदावर आलं की सगळे श्वान होतात. श्वानपथक, श्वानदंश, श्वान परवाना. पण दत्ताच्या पायाशी आपण चार कुत्रेच म्हणतो, आणि पोळी पळवली म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले ते कुत्र्यामागे, कोणी आजी ती गोष्ट सांगताना "श्वानामागे" म्हणत नाही. तेव्हा ललित लेखात श्वान नको.

"उपचार" बद्दल दोन अडचणी. एक, शब्द उलटा झाला की अर्थ पलटतो. श्वानोपचार म्हटलं की मराठी माणसाला गोचीड, खरूज आणि रेबीजचं इंजेक्शन आठवणार, म्हणजे कुत्र्यावर केलेले उपचार. दुसरी अशी की उपचार म्हटल्यावर काहीतरी बरं व्हायला हवं, आणि तो कुत्रा तर काही बरं करत नाही, बसून असतो. गंमत म्हणजे मूळ ग्रीक थेरापेइया चा अर्थ सेवा, टहल, असाच आहे, आणि आपल्या उपचाराचाही जुना अर्थ सेवा-आदरातिथ्य हाच, म्हणून तर पूजेला षोडशोपचार. दोन्ही भाषांत सेवेचं पुढे औषध झालं.

लिंबूटिंबू
मग "सेवा श्वान" करा, प्रश्न मिटला!

हिरवा_चाफा
नाही हो लिंबूटिंबू, तीच तर भानगड आहे. सर्व्हिस डॉग म्हणजे एका माणसाच्या एका ठरावीक कामासाठी तयार केलेला, अंध व्यक्तीला रस्ता दाखवणारा, फिट येणार असेल तर इशारा देणारा, व्हीलचेअरवरच्या माणसाला पडलेली किल्ली उचलून देणारा. इथल्या १९९० च्या अपंगांच्या कायद्याने त्याला दुकानात, हॉटेलात, बसमध्ये सगळीकडे जायचा हक्क आहे. थेरपी डॉगला तसा काहीच हक्क नाही, तो आपल्या माणसाबरोबर दुसऱ्यांना भेटायला जातो, ते पण बोलावलं तरच. आणि तिसरा तो इमोशनल सपोर्टवाला, तो आपापल्या घरी आपल्याच माणसाला आधार. लोक तिघांना एकच समजतात आणि मग थेरपी डॉगचं जॅकेट घालून सुपरमार्केटमध्ये घुसतात.

सर्व्हिस डॉगला मी "मदतनीस कुत्रा" म्हणणार आहे, त्यावर कोणाची हरकत नसावी.

रात्रपाळी
हरकत नाही, मदतनीस छान आहे.

मी इंग्लंडमध्ये वॉर्डवर नर्स होते. तिथे पेट्स अ‍ॅज थेरपी नावाची संस्था १९८३ पासून आहे, त्यामुळे वॉर्डात कोणी थेरपी डॉग म्हणतच नाही, "पॅट डॉग आलाय" एवढंच. आमच्याकडे एक म्हातारा ग्रेहाउंड यायचा, रेसमधून रिटायर झालेला, म्हणजे तोही एका अर्थी रेस्क्यूतलाच. तो काय करायचा ते सांगते, मग शब्द ठरवा. आधी दारात थांबायचा. त्याची बाई विचारायची, येऊ का, आणि पेशंट नको म्हणाला तर दोघं पुढे. हो म्हणाला तर पलंगाला समांतर उभा राहायचा, ग्रेहाउंड उंच असतो त्यामुळे पडल्या पडल्या हात थेट त्याच्या पाठीवर पोचतो. बास. चाटायचं नाही, पंजा मारायचा नाही, पाहिलं तर शेपटीपण फार नाही. ज्या आजोबांनी आमच्याशी सकाळपासून शब्द काढला नव्हता ते त्याला आपल्या लहानपणच्या कुत्र्याचं नाव सांगायला लागायचे. आधी आणि नंतर सगळ्यांचे हात सॅनिटाइझ, ते मात्र आम्ही आठवणीने.

म्हणून मला "उपचार" नको, "विरंगुळा" पण नको, विरंगुळा म्हणजे पत्ते. "धीराचा कुत्रा" किंवा "सोबतीचा कुत्रा" कसं वाटतं?

नाशिककर
सोबतीचा चांगलाय पण मग घरातला कुठलाही कुत्रा सोबतीचाच की. "दिलासा" घ्या, दिलासा बाहेरचा माणूस येऊन देतो.

जुना_खवट
रात्रपाळीताईंनी वर्णन फार नेमकं केलंय. त्यावरून "शुश्रूषा" आठवला. (दोन्ही श वेगळे, श्रू दीर्घ, दवाखान्यांच्या पाट्यांवर हमखास ऱ्हस्व असतो.) आपण रुग्णसेवा या अर्थाने वापरतो, पण धातू आहे श्रु, ऐकणे. शुश्रूषा म्हणजे शब्दशः ऐकण्याची इच्छा. शिष्याने गुरूची शुश्रूषा करायची म्हणजे आधी ऐकायला बसायचं, मग त्यातून सेवा हा अर्थ आला.

हिरवा_चाफा
अहो काका!! लायब्ररीतला प्रकार म्हणजे अक्षरशः हेच. तिथे कुत्र्याचं काम ऐकणं एवढंच असतं. सॉल्ट लेक सिटीतल्या एका संस्थेने १९९९ मध्ये ही कल्पना काढली, की वर्गात मोठ्याने वाचायला घाबरणाऱ्या मुलाने कुत्र्याला वाचून दाखवायचं, कारण कुत्रा चूक काढत नाही, हसत नाही, घड्याळ बघत नाही. शेजारची आमची बाई मुलाच्या मांडीवर हनुवटी ठेवते आणि पान उलटलं की कान हलवते. पण "शुश्रूषा कुत्री" छापलं तर संपादक काका मला मंडळातून काढतील.

लिंबूटिंबू
शुश्रूषाश्वान!! तीनदा भरभर म्हणून दाखवा

टपरीवर_भेटू
उशिरा आलोय, पण शब्द नसतानाही काम चालू होतं हे सांगायचं होतं. पहिला थेरपी डॉग म्हणून जिचं नाव घेतात ती स्मोकी, यॉर्कशायर टेरियर, वजन चार पाउंड म्हणजे दोन किलोसुद्धा नाही. १९४४ मध्ये न्यू गिनीच्या जंगलात सोडून दिलेल्या खंदकात एका अमेरिकन सैनिकाला सापडली, त्याच्याकडून बिल वाईन नावाच्या दुसऱ्या सैनिकाने दोन ऑस्ट्रेलियन पाउंडांना विकत घेतली, म्हणजे बघा ती रेस्क्यूतली म्हणायची की विकत घेतलेली! पुढे वाईनला डेंग्यू झाला, मित्रांनी हिला हॉस्पिटलात आणलं, आणि नर्सेस तिला जखमी सैनिकांच्या वॉर्डात फिरवायला लागल्या. तेव्हा तिला कोणी थेरपी डॉग म्हणत नव्हतं, सैनिकांच्या मासिकाने तिला बक्षीस दिलं ते मॅस्कॉट म्हणून. तिने पुढे फिलिपिन्समध्ये धावपट्टीखालच्या सत्तर फुटी पाइपातून टेलिफोनची वायरपण ओढून नेली होती. सर्टिफिकेट शून्य.

हिरवा_चाफा
सर्टिफिकेटचंच विचारणार होते. "प्रमाणित" मला आवडत नाही, प्रमाणित म्हटलं की बियाणं आठवतं.

जुना_खवट
बरोबर आठवतं, प्रमाणित बियाणे हाच त्याचा मराठीतला मुख्य उपयोग. "मान्यताप्राप्त" शाळेला. "साक्षांकित" झेरॉक्सला. मुळात तिथे ते नक्की काय देतात ते सांगा, दाखला, परवाना की नोंदणी?

हिरवा_चाफा
तीच तर मजा आहे. पेट पार्टनर्स ही मोठी संस्था सर्टिफाइड म्हणतच नाही, ते म्हणतात रजिस्टर्ड, आणि रजिस्टर होते ती जोडी, कुत्रा आणि त्याचा माणूस मिळून एक. दर दोन वर्षांनी परत परीक्षा. अमेरिकन केनेल क्लब स्वतः थेरपी डॉगला सर्टिफिकेट देत नाही, ते दुसऱ्या संस्थांची नोंदणी बघून नुसते किताब देतात, १० भेटी झाल्या की पहिला, मग ५०, १००, २००, ४०० असे. आणि नेटवर पैसे भरून घरबसल्या जे सर्टिफिकेट मिळतं ते निव्वळ कागद.

परीक्षा मी बघायला गेले होते म्हणून सांगते. अनोळखी माणसं येऊन कान, पंजे, शेपटी सगळं हाताळतात, मुद्दाम धसमुसळेपणाने, कारण हॉस्पिटलातल्या माणसाचा हात प्रत्येक वेळी हलका पडेलच असं नाही. एक जण झोकांड्या खात हातवारे करत जवळून जातो. दोघं चढ्या आवाजात भांडतात. मागून कोणीतरी येऊन धडकतं. जमिनीवर खेळणं पडलेलं असतं, ते सोडून पुढे जायचं. आणि या सगळ्यात परीक्षक माणसाकडेही तेवढंच बघत असतात, की कुत्रा कंटाळलाय, जांभया देतोय, ओठ चाटतोय हे याला दिसतंय का आणि हा त्याला तिथून बाहेर काढतोय का. शेजारची दचकली धडकल्यावर, पण वळून आपल्या माणसाकडे बघितलं आणि परत शांत, आणि ते चालतं म्हणे. दचकणं चालतं, त्यातून लवकर सावरता आलं पाहिजे.

चटणीपाव
मग "परीक्षा पास झालेली" लिहा की! आपल्याकडे कोणालाही लगेच कळतं, आणि कौतुकही आपोआप येतं.

पिटबुल आहे तर लोक घाबरतील त्याचं काय पण?

हिरवा_चाफा
त्यावर एक परिच्छेद आहेच. २००७ मध्ये व्हर्जिनियात मायकल व्हिक या फुटबॉलपटूच्या जागेवर झुंजीचे कुत्रे सापडले होते, अशा कुत्र्यांना तेव्हा सरसकट मारूनच टाकायचे, पण त्या खेपेला प्रत्येकाची वेगवेगळी तपासणी केली आणि बहुतेक वाचले. त्यातला लिओ पुढे कॅन्सर पेशंटना भेटायला जायचा, आणि जॉनी इथेच सॅन फ्रान्सिस्कोत मुलांची पुस्तकं ऐकायचा. त्यांच्याबद्दल लिहिताना "झुंजीतून सोडवलेले" लिहिलंय, तिथे सोडवणं हाच शब्द हवा ना?

नाशिककर
हो, तिथे चपखल. कोणाच्या तरी हातातून सोडवायचं. तुमच्या शेजारणीला "आणलेली" आणि त्यांना "सोडवलेले", दोन्ही वेगळे ठेवा.

रात्रपाळी
आणि कुत्री हा शब्द टाळायचा असेल तर दुसऱ्या वाक्यापासून तिचं नावच घ्या. नाहीतर "लायब्ररीत कुत्री येतात" असं झालं तर वाचणाऱ्याला वाटेल कळपच येतो.

हिरवा_चाफा
हे बेस्ट. तर आत्ता पाठवलेलं वाक्य असं: "शेल्टरमधून आणलेली ही पिटबुल आता परीक्षा पास होऊन थेरपी डॉग झाली आहे, म्हणजे परक्या माणसांना दिलासा द्यायला जाते." थेरपी डॉग तसाच ठेवलाय, पुढे अर्थ दिलाय, आणि शुश्रूषेची गोष्ट लायब्ररीच्या परिच्छेदात घातलीये. फक्त हँडलरला, म्हणजे तिच्याबरोबर जाणाऱ्या तिच्या माणसाला, शब्द राहिला. पोलिसांच्या बातम्यांत "श्वान हस्तक" दिसला.

जुना_खवट
हस्तक अधिकृत आहे खरा, पण गुंडाचाही हस्तकच असतो. शेजाऱ्यांना विचारून बघा त्यांना चालेल का.

लिंबूटिंबू
उलटं करा, कुत्री हीच मुख्य आणि शेजारी तिचे हस्तक

हिरवा_चाफा
शेजारी तमिळ आहेत, त्यांना विचारलं, ते म्हणाले ड्रायव्हर लिही. हँडलरच ठेवतेय.