होल्डन नुसता थापाड्या आहे की अजून काही?

मेघना_वाचते:
भाचीने कॅचर इन द राय ही कादंबरी गळ्यात मारलीय, ट्रेनच्या सीनपर्यंत आले आणि त्यातला नायक होल्डन, हा पोरगा डोक्यात जायला लागलाय. वर्गातल्या अर्नेस्टची आई भेटते तर स्वतःचं नाव रूडॉल्फ श्मिट सांगतो (होस्टेलच्या सफाईवाल्याचं नाव!), मग अर्नेस्ट कित्ती लाजाळू, क्लास प्रेसिडेंटला उभं राहायलाच तयार नव्हता वगैरे, आणि सुट्टीच्या आधीच घरी का चाललास विचारलं तर म्हणे मेंदूत ट्यूमर आहे. काहीही!! लोक याला दुःखी म्हणतात ते नक्की कुठे दिसतं? स्पॉयलर चालतील.

उंबरठा:
अहो त्या ट्यूमरमध्येच दिसतं की. धाकटा भाऊ ॲली 1946 च्या जुलैत ल्युकेमियाने गेला, 11 वर्षांचा, त्या रात्री याने गॅरेजच्या काचा नुसत्या हाताने फोडलेल्या. आता थाप बघा, ट्यूमर छोटासाच आहे, अगदी कडेला, दोन मिनिटांत काढतील. घरातलं आजारपण स्वतःवर घेतलं आणि बरंसुद्धा करून टाकलं. आणि त्याच संध्याकाळी रूममेटसाठी निबंध लिहिताना ॲलीच्या बेसबॉल ग्लोव्हबद्दल खरंखुरं लिहिलं होतं ना, हिरव्या शाईतल्या कविता वगैरे, तर तो म्हणे खोलीचं नाहीतर घराचं वर्णन पाहिजे होतं, हे काय भलतंच. याने फाडून टाकलं. खरं कोणाला नको होतं, मग रात्री ट्रेनमध्ये थापा.

कोकम_सोडा:
एवढं ताणू नका राव. मासिक आणायला निघालो तरी ऑपेराला चाललोय म्हणून सांगेन असं तो स्वतःच म्हणतो, त्यात कसलं आलंय दुःख, सवय आहे ती. हां, पण अर्नेस्टची थाप मला आवडते. तो कार्टा कॉरिडॉरमध्ये पोरांना ओल्या टॉवेलचे फटके मारत फिरणारा, पण ते आईच्या तोंडावर कशाला सांगायचं? 16 वर्षांच्या पोराला एवढं कळतं, आमच्या सोसायटीत पन्नाशीतल्यांना कळत नाही.

सायलेंट_रीडर:
फीबीला विसरलात सगळे. बहीण, वय वर्षं 10. सिगरेट ओढली होल्डनने, तो कपाटात लपलेला, आईला वास येतो तर ही सरळ सांगते मी एकच झुरका मारला आणि खिडकीतून फेकली. आणि शेवटी मेरी-गो-राउंडपाशी ती विचारते, खरंच कुठे जाणार नाहीस ना? तो नाही म्हणतो, वर आपल्याला सांगतो की हे खोटं नव्हतं, नंतर मी खरंच घरी गेलो. अख्खं पुस्तक थापा मारणारा पोरगा हे मुद्दाम सांगतोय. माझ्या मते मोठा झाला तो तिथे.

मेघना_वाचते:
ट्यूमरचं पटलं. पण ती बिचारी आई आता अख्खी सुट्टी अर्नेस्टच्या मागे लागणार, इलेक्शनला उभा का नाही राहिलास म्हणून 😄